जुनी मस्टँग विकायची आहे? आधी कागद, मग गाडी, मग किंमत

गाडी विकायची ठरली की बहुतेक जण येत्या शनिवारी तिला धुऊन-पुसून ड्राइव्हवेवर उभी करतात, दहा फोटो काढतात आणि जाहिरात टाकून मोकळे होतात. मग महिनाभर "शेवटची किंमत बोला" असे फोन येतात आणि गाडी तिच्या लायकीपेक्षा बरीच खाली जाते. गाडी चांगलीच असते, चुकतो तो क्रम. गिऱ्हाईक जास्तीचे पैसे मोजतं ते गाडी नीट राखल्याच्या पुराव्याला. आणि हा पुरावा जाहिरातीनंतर गोळा करायला गेलात की तुम्ही काहीतरी लपवत होतात असंच वाटतं.

खाली उदाहरण घेतलं आहे १९६६ च्या फोर्ड मस्टँग कूपेचं: २८९ घनइंचाचं व्ही-८ इंजिन, ऑटोमॅटिक गिअर. माझ्याकडे हीच गाडी होती, आणि न्यू जर्सीतल्या ओळखीच्यांच्या अशाच काही गाड्या विकताना मी सोबत होतो. कागदपत्रांचे नियम न्यू जर्सीचे दिले आहेत. दुसऱ्या राज्यात वेगळं असेल तिथे तसं सांगितलं आहे. तुमची गाडी शेव्हरले किंवा डॉज असली तरी क्रम हाच ठेवा.

तयारीला सहा ते आठ आठवडे धरा. ईशान्येकडच्या राज्यांत या गाड्यांना गिऱ्हाईक मार्च ते जूनमध्ये जास्त असतं, म्हणजे सुरुवात जानेवारीत करायची.

टप्पा १: टायटल कपाटातून बाहेर काढा

फडकं हातात घेण्याआधी टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा सरकारी कागद, हातात घ्या आणि तीन गोष्टी बघा.

पहिली, नाव. आपल्याकडे ही अडचण हमखास येते. टायटल घेताना मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर नवऱ्याचं, नागरिकत्व घेताना मधलं नावच गळालेलं. विकताना सही टायटलवर छापलेल्या नावाप्रमाणेच करावी लागते, आणि नाव बदललं असेल तर त्याचा कागद जोडावा लागतो. नवरा-बायको दोघांची नावं असतील आणि मध्ये "अँड" असेल, तर दोघांच्याही सह्या हव्यात. एक जण चार महिने पुण्याला जाणार असेल तर हे आत्ताच कळलेलं बरं.

दुसरी, लीन, म्हणजे कर्ज देणाऱ्याचा गाडीवरचा हक्क. गाडीवर कधीकाळी कर्ज घेतलं होतं का? ते फेडून वीस वर्षं झाली असली तरी सावकार बँकेचं नाव टायटलवर तसंच असू शकतं. माझ्या टायटलवर होतं. ती बँक मधल्या काळात दुसऱ्या बँकेत विलीन झाली होती. लीन सुटल्याचं पत्र मिळवण्यात सात आठवडे गेले आणि तोवर ठरलेलं गिऱ्हाईक दुसरी गाडी घेऊन बसलं.

तिसरी, व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळख क्रमांक. टायटलवरचा क्रमांक आणि गाडीच्या पत्र्यावर ठोकलेला क्रमांक एकेक अक्षर लावून बघा. मस्टँगचा क्रमांक बॉनेटखाली, ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या मडगार्डच्या वरच्या कडेवर ठोकलेला असतो. जुन्या टायटलांवर टंकलेखनाच्या चुका सापडतात: शून्याच्या जागी ओ, पाचच्या जागी एस.

राज्याराज्यांत फरक आहे. न्यूयॉर्क राज्य १९७२ आणि त्याआधीच्या मॉडेलांना टायटल देतच नाही, तिथे हस्तांतर करता येणारं रजिस्ट्रेशन हाच मालकीचा कागद. पेनसिल्व्हेनिया आणि ओहायोत विकणाऱ्याची सही नोटरीसमोर लागते. न्यू जर्सीत नोटरी लागत नाही.

सावध: टायटलवर आत्ता काहीही लिहू नका. सही करून ठेवलेलं टायटल हरवलं तर दुसऱ्याला आयतीच गाडी मिळते. खाडाखोड किंवा व्हाइटनर लावलेलं टायटल तर नाकारलंच जातं आणि दुय्यम प्रत काढत बसावं लागतं.

टप्पा २: गाडी नेमकी कोणती, ते अक्षरांत ठरवा

विकणारे सगळ्यात जास्त घसरतात ते इथे. "माझी गाडी जीटी आहे", "इंजिन मूळचंच आहे" ही वाक्यं आधीच्या मालकाकडून ऐकलेली असतात आणि तशीच जाहिरातीत उतरतात. समोरच्याने कोड वाचला की एका मिनिटात तुमच्या बाकीच्या सगळ्या खऱ्या बोलण्यावरचा विश्वासही जातो.

१९६६ च्या मस्टँगचा व्हीआयएन असा वाचा. पहिला आकडा ६, म्हणजे वर्ष. मग कारखाना: एफ म्हणजे डिअरबॉर्न, आर म्हणजे सॅन होजे, टी म्हणजे मेटाचेन. (मेटाचेन नावाचा हा कारखाना प्रत्यक्षात एडिसनमध्ये, रूट १ वर होता. ओक ट्री रोडवर भाजी घ्यायला जाणाऱ्या किती तरी मराठी लोकांना हे माहीत नसतं. तुमच्या क्रमांकात टी असेल आणि गाडी न्यू जर्सीतच विकायची असेल तर जाहिरातीत जरूर लिहा.) पुढे बॉडी: ०७ कूपे, ०८ कन्व्हर्टिबल, ०९ फास्टबॅक. त्यापुढचं अक्षर इंजिनाचं: टी म्हणजे सहा सिलिंडरचं २००, सी म्हणजे दोन बॅरल कार्ब्युरेटरचं २८९, ए म्हणजे चार बॅरलचं २८९, के म्हणजे हाय परफॉर्मन्स २८९.

म्हणजे ६टी०७सी अशी सुरुवात असेल तर ती एडिसनमध्ये बनलेली, दोन बॅरलच्या व्ही-८ ची कूपे. आणि कारखान्यातून जीटी पॅकेज फक्त ए आणि के इंजिनांबरोबर मिळत असे. सी कोडच्या गाडीवर जीटीचे फॉगलॅम्प आणि पट्टे असतील तर ते नंतर कुणीतरी लावलेले आहेत. तसं लिहून विका, त्यात काही कमीपणा नाही. जीटी म्हणून विकलीत तर ती फसवणूक आहे.

दुसरा घोळ "नंबर्स मॅचिंग" या शब्दांचा, म्हणजे इंजिनावरचा नंबर गाडीच्या नंबराशी जुळतो, इंजिन मूळचंच आहे, या दाव्याचा. १९६८ च्या आधीच्या मस्टँगमध्ये के कोड सोडला तर इंजिनाच्या ब्लॉकवर गाडीचा व्हीआयएन ठोकलेलाच नसे. मग सी कोडच्या १९६६ च्या गाडीत जुळवणार कोणता नंबर? इतकंच दाखवता येतं की ब्लॉकवरचा ओतकामाचा क्रमांक त्या काळातला आहे आणि ओतकामाची तारीख गाडी बनण्याच्या थोडी आधीची आहे. तारीख ६बी१२ अशी दिसते: १९६६, फेब्रुवारी, १२. गाडीची तारीख ड्रायव्हरच्या दारावरच्या पट्टीवर असते. दोन्हींचे फोटो शेजारी शेजारी ठेवा आणि "तारखा जुळतात" एवढंच लिहा. दारावरची पट्टी बाजारात नवी बनवून मिळते, त्यामुळे ती एकटी पुरावा ठरत नाही.

इतर कंपन्यांचं गणित वेगळं आहे. १९७२ आधीच्या शेव्हरलेच्या व्हीआयएनवरून नेमकं इंजिन कळत नाही. क्रायसलरच्या गाड्यांना फेंडर टॅग, म्हणजे गाडीचे कोड असलेली पत्र्याची पट्टी, असते. १९६७ आणि पुढच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट, म्हणजे कारखान्याच्या नोंदींवरून बनवलेला अहवाल, मागवता येतो, तो मागवाच.

तपासा: व्हीआयएन, दारावरची पट्टी आणि इंजिनाची तारीख या तीन गोष्टी एका कागदावर लिहून काढल्यात का? जे जुळत नाही तेही त्याच कागदावर हवं.

टप्पा ३: बिलांची पिशवी मोकळी करा

वीस वर्षांची बिलं प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात, तिचा गिऱ्हाइकाला काही उपयोग नाही. तारखेप्रमाणे लावा आणि वर एक पानाची यादी ठेवा: तारीख, मैल, काम, खर्च. स्वतः केलेली कामंही लिहा, सुट्या भागांच्या पावत्या जोडा. एका संध्याकाळचं काम आहे. करासाठीही हीच फाईल लागेल: नफा झाला तर तो संग्राह्य वस्तूवरचा म्हणून २८ टक्क्यांपर्यंत कर लागू शकतो, आणि गाडीत घातलेल्या मोठ्या खर्चाचा पुरावा तुमच्याकडेच मागितला जाणार. सीपीएला आधी विचारून ठेवा.

टप्पा ४: गंज तुम्हीच शोधा

मस्टँगला वेगळी चौकट नसते. बॉडी हीच तिची चौकट, म्हणून गंज कुठे आहे यावर किंमत ठरते. (जाहिरातीत मस्टँगचं "फ्रेम-ऑफ रिस्टोरेशन" केलं असं लिहू नका. जी चौकट नाही ती काढणार कशी?) एखाद्या गॅरेजमध्ये तासभर लिफ्ट मागून घ्या, टॉर्च आणि एक बोथट स्क्रू ड्रायव्हर न्या, आणि या क्रमाने बघा.

पहिल्यांदा काउल, म्हणजे समोरच्या काचेखालची जाळी आणि तिच्या आतला पन्हाळीसारखा भाग. पानं साचून तो आतून सडतो आणि बाहेरून काहीच दिसत नाही. पुढच्या बाजूचा गालिचा उचला, जाळीत हळूहळू बादलीभर पाणी ओता आणि कुणाला तरी आत टॉर्च घेऊन बसवा. पाणी दारांच्या पुढून जमिनीवर पडलं तर ठीक. पायांशी थेंब पडले तर काउल गेलेला आहे. जाणकार गिऱ्हाईक हीच चाचणी मागतं. तुमच्या हाती तिचा व्हिडिओ असेल तर अर्धी घासाघीस तिथेच संपते.

मग तळाचा पत्रा. गालिच्याखाली आणि गाडीखाली, दोन्हीकडून बघा. पत्र्यावर पत्रा चढवून वेल्डिंग केलेलं असेल तर खालून कडा दिसते. त्यानंतर तळाच्या कोपऱ्यांतले टॉर्क बॉक्स, पुढच्या-मागच्या रेल, बॅटरीखालचं मडगार्ड, आणि डिकीतले दोन्ही बाजूंचे खोलगट भाग. इंजिनाच्या दोन्ही बाजूंच्या शॉक टॉवरवर, वरच्या कंट्रोल आर्मच्या आसपास, चिरा आहेत का बघा.

शेवटी बाहेरचा पत्रा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं. एकाच पॅनलवर आकडा अचानक तिप्पट-चौपट झाला तर खाली लांबी (पुट्टी) भरलेली आहे. प्रत्येक पॅनलचे आकडे गाडीच्या साध्या चित्रावर लिहून ठेवा.

सावध: सापडलेला गंज विकण्याआधी काळं अंडरकोटिंग मारून झाकू नका. ताजं अंडरकोटिंग दिसलं की गिऱ्हाईक सगळ्यात वाईट तेच गृहीत धरतं. ठणठणीत पत्र्यावर मारलेलं असलं, तरीही.

टप्पा ५: काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही

नियम साधा ठेवा: गाडी सुरक्षित चालावी आणि प्रत्येक बटण काम करावं, एवढंच करा. दिवे, हॉर्न, वायपर, इंडिकेटर, दारांच्या काचा, हीटर. ब्रेक न ओढता सरळ लागायला हवेत. गळती थांबवा, इंजिन मग स्वच्छ करा. जुनं पेट्रोल काढून ताजं भरा. टायरवरचा डीओटी कोड बघा: शेवटचे चार आकडे आठवडा आणि वर्ष सांगतात. टायर दहा वर्षांचे झाले असतील तर नक्षी कितीही शाबूत असो, बदला.

कम्प्रेशन टेस्ट करा. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा. आठही सिलिंडरचे आकडे लिहा. सगळ्यात कमी आकडा सगळ्यात जास्त आकड्याच्या ७५ टक्क्यांपेक्षा वर असला पाहिजे.

नव्याने रंग मात्र देऊ नका. विकायच्या तोंडावर दिलेल्या रंगाचे पैसे परत येत नाहीत, आणि ताज्या रंगाखाली काय आहे हा प्रश्न वर येतो. सीटचं कापड, रेडिओ, चाकं बदलणंही तसंच. उलट आजवर जे मूळ भाग काढून ठेवले असतील ते शोधा: जुना रेडिओ, व्हील कव्हर, जॅक, दुसरी किल्ली. १९६६ च्या गाडीचा ब्रेकचा मास्टर सिलिंडर एकाच सर्किटचा असतो. सुरक्षेसाठी तुम्ही दुहेरी बसवला असेल तर ते ठळक लिहा आणि जुना खोक्यात घालून द्या.

टप्पा ६: किंमत

मागितलेल्या किमती बघू नका, गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या ते बघा. ब्रिंग अ ट्रेलर या ऑनलाइन लिलावाच्या वेबसाइटवर झालेले सौदे उघड दिसतात. गेल्या वर्षभरातले, तीच बॉडी, तेच इंजिन, तोच गिअर असलेले आठ-दहा सौदे निवडा. के कोड फास्टबॅकची किंमत बघून सी कोड कूपेची ठरवणं ही फार जुनी चूक आहे. १९६६ साली ६,०७,५६८ मस्टँग बनल्या, त्यातल्या ४,९९,७५१ कूपे होत्या. म्हणून "दुर्मिळ" हा शब्द तुमच्या जाहिरातीत नको.

हॅगर्टी या संग्राह्य गाड्यांच्या विमा कंपनीच्या मूल्यमापनात गाड्यांना १ ते ४ अशी श्रेणी असते. १ म्हणजे प्रदर्शनातली, २ उत्कृष्ट, ३ चांगली, ४ ठीकठाक. आपण प्रेमाने सांभाळलेली गाडी प्रत्येकाला २ वाटते. नियमित चालवलेली, जुन्या रंगाची, थोडे ओरखडे असलेली गाडी ३ असते. टप्पा ४ ची यादी समोर ठेवून श्रेणी द्या, शक्य तर गाडीवर जीव नसलेल्या माणसाकडून द्यायला लावा.

मग दोन आकडे लिहून ठेवा: मागणीचा आणि त्याखाली अजिबात न जाण्याचा. दुसरा घरात सगळ्यांना सांगा. गिऱ्हाईक समोर असताना घरातल्या घरात चर्चा सुरू झाली की भाव पडलाच.

टप्पा ७: फोटो, व्हिडिओ, मजकूर

ढगाळ सकाळ, मोकळी जागा, मागे कचऱ्याचे डबे नकोत. ऐंशी ते शंभर फोटो लागतात, आणि त्यातले निम्मे तरी सुंदर दिसणारे नसावेत: तळ, रेल, काउल, डिकीचे कोपरे, व्हीआयएन, दारावरची पट्टी, प्रत्येक ओरखडा नाणं शेजारी ठेवून. टायटलच्या फोटोत नाव-पत्ता झाका.

दोन व्हिडिओ पुरेत. पहिला, रात्रभर थंड असलेली गाडी चालू करतानाचा, एकही तुकडा न कापता, धूर दिसेल असा. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत जातंय. काळा म्हणजे पेट्रोल जास्त. दुसरा, दहा मिनिटं चालवतानाचा, त्यात काटे दिसू द्या आणि गाणी बंद ठेवा.

मजकुराच्या पहिल्या ओळीत वर्ष, मॉडेल, इंजिन कोड, गिअर, रंग. मग तुमच्याकडे किती वर्षं होती आणि कोणती कामं केली. मग दोषांची यादी, वेगळ्या शीर्षकाखाली, काही न वगळता. आपल्या लोकांचा हात इथे अडतो: "आपणच का सांगायचं?" कारण तीनशे मैलांवरून ट्रेलर घेऊन आलेल्या माणसाला न सांगितलेला एक डाग दिसला की तो डागाचे पैसे कापत नाही, विश्वासाचे कापतो. सांगितलेल्या दोषावर तो फार घासाघीस करत नाही, कारण तो हिशोब करूनच घरून निघालेला असतो.

मैलांचं सांभाळून लिहा. या गाडीच्या मीटरवर मैलांचे पाचच आकडे असतात, ९९,९९९ नंतर तो पुन्हा शून्यापासून सुरू होतो. बिलांनी सिद्ध होत नसेल तर "मीटरवर ४२,००० दिसतात, खरे मैल माहीत नाहीत" असं लिहा.

टप्पा ८: कुठे विकायची

सी कोड कूपेसारख्या गाडीला हेमिंग्ज या जुन्या गाड्यांच्या मासिक-वेबसाइटवरची जाहिरात, मस्टँग क्लबचे सदस्य आणि मेळाव्यांतली विक्रीची जागा पुरेशी ठरते. पेनसिल्व्हेनियात कार्लाइलला जूनमध्ये फोर्डचा मोठा मेळावा भरतो, ऑक्टोबरमध्ये हर्शीला सगळ्याच कंपन्यांच्या जुन्या गाड्यांचा. ऑनलाइन लिलावात भाव चांगला मिळू शकतो, पण आठवडाभर रोज लोकांच्या प्रश्नांना तासाभरात उत्तर द्यावं लागतं. सुट्टी काढता येत नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. बॅरेट-जॅक्सन किंवा मीकमच्या प्रत्यक्ष लिलावात वाहतूक, नोंदणी आणि कमिशन धरून हिशोब करा. राखीव किंमत न ठेवता गाडी नेलीत तर त्या दिवशी हॉलमध्ये कोण बसलंय यावर सगळं अवलंबून राहतं.

टप्पा ९: बघायला येणारे

गिऱ्हाईक येण्याआधी इंजिन गरम करून ठेवू नका. जाणकार माणूस आल्या आल्या बॉनेट उघडून इंजिनाला हात लावून बघतो, आणि गरम लागलं की थंड गाडी चालू होत नाही असं धरून चालतो.

लायसन्सचा फोटो घ्या. संग्राह्य गाड्यांच्या विम्यात दुसऱ्याने चालवलेलं चालतं का, ते एजंटला आदल्या दिवशी विचारा. आधी तुम्ही चालवा, मग त्याला द्या आणि शेजारी बसा. आजच्या गाड्यांची सवय असलेल्याला ड्रम ब्रेकचं थांबण्याचं अंतर समजत नाही, निघण्यापूर्वी मोकळ्या जागेत दोनदा ब्रेक मारायला लावा. त्याला आपल्या मेकॅनिककडून तपासून घ्यायची असेल तर आनंदाने हो म्हणा, खर्च त्याचा. इसार घेतलात तर किती, कधीपर्यंत आणि परत मिळणार की नाही, हे दोन ओळींत लिहून दोघांच्या सह्या घ्या.

टप्पा १०: पैसे

सगळ्यात सुरक्षित म्हणजे वायर ट्रान्सफर. तो जमा झाल्याची खात्री तुम्ही स्वतः आपल्या बँकेला फोन करून घ्यायची, गिऱ्हाइकाच्या मोबाइलवरच्या चित्रावरून नाही. कॅशियर्स चेक घ्यायचाच असेल तर त्याच्या बँकेत सोबत जा आणि डोळ्यांसमोर काढून घ्या. खोटा कॅशियर्स चेक खात्यात दुसऱ्या दिवशी जमा दिसतो आणि आठवड्या-दोन आठवड्यांनी परत येतो. तेव्हा बँक ते पैसे तुमच्याकडूनच वसूल करते.

सावध: ठरल्यापेक्षा जास्तीचा चेक पाठवून "उरलेले आमच्या ट्रकवाल्याला द्या" म्हणणारा प्रत्येक जण भामटा असतो. तो सुचवेल ती एस्क्रो (सौदा होईपर्यंत पैसे तिसऱ्याकडे ठेवणारी) वेबसाइटही वापरू नका.

रोख १०,००० डॉलरच्या वर असेल तर बँक सरकारला कळवते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. ती नोंद टाळायला थोडे थोडे करून भरणं मात्र स्वतःच गुन्हा आहे.

टप्पा ११: हस्तांतरण, याच क्रमाने

१. पैसे जमा झाल्याची खात्री. त्याआधी पेन उघडायचं नाही.

२. टायटलच्या मागे गिऱ्हाइकाचं नाव, तारीख, किंमत, मैल आणि तुमची सही. २०१० आणि त्याआधीच्या मॉडेलांना ओडोमीटर जाहीर करण्याच्या केंद्रीय नियमातून सूट आहे, पण फॉर्मवर रकाना असेल तर मीटरवरचा आकडा खरा तोच लिहा. खरी किंमत लिहा. "कमी दाखवा, माझा टॅक्स वाचेल" या विनंतीला नाही म्हणा, सही तुमचीही आहे.

३. बिल ऑफ सेल दोन प्रतींत: व्हीआयएन, "आहे त्या स्थितीत", तारीख आणि वेळ. त्याच रात्री अपघात झाला तर वेळेचा उपयोग होतो.

४. टायटलचा दोन्ही बाजूंनी फोटो.

५. नंबरप्लेट काढा. न्यू जर्सीत त्या मालकाच्या असतात, ऐतिहासिक गाडीच्या क्यूक्यू प्लेटसुद्धा. कॅलिफोर्नियात साधारणपणे त्या गाडीबरोबर जातात आणि पाच दिवसांत डीएमव्हीला कळवावं लागतं. ई-झी पासही काढून घ्या.

६. ट्रकवाला न्यायला आला असेल तर गाडी चढवण्याआधी चारही बाजूंचे फोटो, आणि त्याच्या पावतीवर लिहिलेली गाडीची स्थिती वाचूनच सही. टायटल ट्रकवाल्याच्या हाती देऊ नका, गिऱ्हाइकाला कुरिअरने ट्रॅकिंगसह पाठवा.

७. प्लेट मोटर व्हेइकल कमिशनकडे परत करा, पावती घ्या, आणि मगच विमा बंद करा. हे उलटं केलं की विमा नसलेली नोंदणीकृत गाडी तुमच्या नावावर दिसते आणि नोटीस येते.

किल्ली देताना चालू करायची पद्धत एका कागदावर लिहून द्या: थंड असताना अ‍ॅक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडायचा, म्हणजे चोक बसतो, मग सेल्फ मारायचा; गरम असताना पायच लावायचा नाही. नाही तर पहिल्या थंड सकाळी त्याचा फोन येणार.